डोंगल कुणाकडे?

पंचमीला मी माहेरी होते. २०२३ साली अधिक श्रावणामुळे नागपंचमी उशिरा, २१ ऑगस्टला आली होती. भावाच्या अंगणात झोका बांधलेला, आणि त्यावर माझी लेक मोबाइल घेऊन बसलेली. ती तेव्हा अकरावीला होती. कॉलेजात कसला तरी प्रकल्प दिला होता, त्यासाठी ती ई-ग्रामस्वराज या ग्रामपंचायतींच्या सरकारी संकेतस्थळावर आमच्या गावाचं पान काढून वाचत होती. एकदम म्हणाली, "आई, तू शुक्रवारी दोन लाख शहाऐंशी हजार दिलेस?"

"कुणाला?"

"गटारीला. वॉर्ड दोन."

शुक्रवारी मी याच घरात भावजयीबरोबर ज्वारीच्या लाह्या भाजत होते. आधी मला हसू आलं. मग तिने मोबाइल माझ्या हातात दिला. तारीख बरोबर, रक्कम तिने वाचली तीच, आणि मंजूर करणार सरपंच. म्हणजे मी.

हे सरपंच नसलेल्यांना कळावं म्हणून थोडं सांगते. वित्त आयोगाच्या पैशाला आता चेक लागत नाही. ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, त्याच्या डिजिटल सहीने बिल तयार करतो, सरपंच स्वतःच्या डिजिटल सहीने ते मंजूर करतो, आणि पैसे थेट ठेकेदाराच्या खात्यात पडतात. ही सही असते पेनड्राइव्हएवढ्या डोंगलमध्ये. डोंगल संगणकाला लावायचा, पिन टाकायचा, झालं. दोन सह्या लागतात त्या एवढ्यासाठीच, की एकाने केलेलं दुसऱ्याने बघावं. पण दोन्ही डोंगल एकाच ड्रॉवरमध्ये आणि दोन्ही पिन एकाच माणसाला पाठ, अशी सोय असली तर दुसऱ्याची गरजच उरत नाही. आमच्याकडे ती सोय होती. सात महिने होती. आणि ती मीच करू दिली होती.

---

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, चोवीसशे लोकवस्तीचं. सदस्य नऊ, आणि सरपंच थेट जनतेतून. तहसीलला आरक्षणाची सोडत झाली तेव्हा एका शाळकरी पोराने बरणीतून चिठ्ठी काढली आणि आमच्या गावाला 'सर्वसाधारण स्त्री' निघालं. मी तिथे नव्हते. आमचे हे होते. घरी येऊन त्यांनी पाणी मागितलं, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "तुझी कागदं काढून ठेव."

चार वर्षं ते स्वतः तयारी करत होते. वाढदिवसाचे फ्लेक्स, गणपतीची वर्गणी, कुणाच्या दवाखान्याला गाडी, सगळं चालू होतं. त्या चिठ्ठीने ते सगळं एका मिनिटात माझ्या नावावर आलं, जशी एखादी जमीन बायकोच्या नावावर करतात तशी. करतात कशाला, ते माहीतच आहे.

मी नको म्हणाले नाही, हे इथे कबूल केलेलं बरं. बारावी झालेली आहे, बचत गटाची सहा वर्षं सचिव होते. गटाच्या वहीत दहा रुपयांचा फरक आला तर रात्री झोप लागत नसे. वाटलं, ग्रामपंचायत म्हणजे मोठा गट. करू.

अर्जाला लागणारी कागदं मात्र माझ्यापेक्षा त्यांनाच पाठ. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनाहून जास्त अपत्यं नाहीत याचं प्रतिज्ञापत्र, शौचालय वापरत असल्याचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, निवडणूक खर्चाचं वेगळं खातं. फ्लेक्सवर माझा फोटो डोक्यावर पदर घेतलेला, त्यांचा माझ्याहून थोडा मोठा, गॉगल लावून. १८ डिसेंबर २०२२ ला मतदान झालं, २० ला निकाल. १४३ मतांनी आले. जीपवर गुलाल उडाला तेव्हा मी घरात आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, पायाला तेल लावत होते, त्यांचा गुडघा धरला होता. हार यांच्या गळ्यात पडला. दुसऱ्या दिवसापासून गावात 'सरपंच' म्हटलं की हे वळून बघायचे, आणि मी 'वहिनी'ची वहिनीच राहिले.

माझी एक मावशी १९९७ साली सदस्य होती. महिलांना तेहतीस टक्के जागा मिळाल्या तेव्हाची गोष्ट. पाच वर्षांत ती एकदाही कार्यालयात गेली नाही. शिपाई प्रोसिडिंग बुक घेऊन घरी यायचा, ती चुलीजवळून उठून अंगठा द्यायची आणि त्याला चहा. ही गोष्ट आम्ही घरात हसत सांगायचो. आता महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांच्या आहेत, २०११ पासून. आणि मी बारावी शिकलेली बाई चुलीऐवजी गॅसजवळून उठून त्याच वहीवर सही करत होते. इंग्रजीत करायचे, एवढाच फरक.

---

डोंगल काढला तो दिवस मला आठवतो. जानेवारीत संगणक परिचालक घरी आला. चांगला पोरगा, गावातलाच. म्हणाला, "वहिनी, एक व्हिडिओ करायचाय. पॅन कार्ड हातात धरा, इकडे बघा." मी पदर नीट केला, कार्ड छातीशी धरलं, त्याने सांगितलं तसं कॅमेऱ्याकडे बघितलं. आधार कार्डाला नंबर यांचा जोडलेला, म्हणून ओटीपी यांच्या फोनवर आला. ईमेल परिचालकाने तिथल्या तिथे उघडला, त्याचा पासवर्ड त्यालाच ठाऊक. पिन काय ठेवला ते मी विचारलं नाही. डोंगल आला तो थेट कार्यालयात. मी तो पहिल्यांदा डोळ्यांनी बघितला ऑगस्टमध्ये.

तसं मार्चमध्येच मला कळायला हवं होतं. जिल्ह्याला नवीन सरपंचांचं प्रशिक्षण होतं. बाहेर मैदानात जीपा आणि मोटारसायकली, झाडाखाली नवऱ्यांचा घोळका, आत आम्ही. दोघे-तिघे तर आतच येऊन मागच्या बाकावर बसले होते, त्यांना बाहेर काढायला अर्धा तास गेला. शिकवणाऱ्या मॅडमनी सकाळभर बंधित-अबंधित निधी समजावला: साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच घालायचा, चाळीस टक्के गावाच्या गरजेप्रमाणे. मी सगळं उतरवून घेतलं. जेवणानंतर त्यांनी एकच विचारलं, "तुमचा डोंगल कुणाकडे आहे?"

खोलीत साठेक बायका. कुणी म्हणे ऑफिसात, कुणी भाऊसाहेबांकडे म्हणजे ग्रामसेवकाकडे, कुणी म्हणे मालकांच्या पाकिटात. एक जण म्हणाली, "डोंगल म्हणजे?" मी हात वर करून म्हणाले, "आमच्याकडेच आहे." मॅडमनी विचारलं, "आमच्याकडे म्हणजे तुमच्याकडे का?" सगळ्या हसल्या, मीही हसले आणि खाली बसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

---

पंचमीहून परत आल्यावर भांडण केलं नाही. आधी गटार बघायला गेले.

वॉर्ड दोन म्हणजे वरची आळी. गटातल्या दोघी बरोबर होत्या. त्यातली एक शिवणकाम करते, तिच्या गळ्यात टेप होताच. दीड मीटरचा कापडी टेप. ती पुढे टेप धरायची, मी मागे शून्य दाबून बसायची, तिसरी खडूने रेघ मारून मोजायची. पोरं गोळा झाली. एक म्हातारी ओट्यावरून ओरडली, "सरपंचबाय, गटारीला झंपर शिवताय व्हय?" सत्तावन्न वेळा टेप पडला आणि वर दोन वीत. पुढे गटार संपली होती. तिच्यापुढे नुसता चर खोदलेला, त्यात पावसाचं पाणी आणि एक डुक्कर.

शहाऐंशी मीटरच्या आसपास. कार्यालयात जाऊन एमबी मागितली, म्हणजे कामाचं मोजमाप लिहिलेली पुस्तिका. त्यात होते १२० मीटर. भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, उरलेलं होणारच आहे. मार्चची घाई नको म्हणून आधी काढून ठेवलं." मार्च सात महिने लांब होता.

परिचालकाला म्हटलं डोंगल दे. त्याने ड्रॉवर उघडला. निळा, झाकणाला चिकटपट्टी, पट्टीवर बॉलपेनने 'सर' लिहिलेलं. दुसऱ्यावर 'ग्रा'. शेजारी एका वहीच्या शेवटच्या पानावर दोन्ही पिन. बिचारा लपवत नव्हता काही, त्याला ते चूक वाटलंच नव्हतं. मी 'सर' उचलला आणि कनवटीला खोचला. तो म्हणाला, "वहिनी, सरपंचांना विचारलं का?"

रात्री यांच्याशी बोलणं झालं. ते चिडले नाहीत, तेच अवघड होतं. शांतपणे म्हणाले, "तू माहेरी होतीस. बिल अडलं असतं. ठेकेदार आपलाच माणूस आहे, इलेक्शनला आपल्या पाठीशी कोण उभं राहिलं होतं?" मी म्हटलं, चौतीस मीटर कमी आहे. ते म्हणाले, "होईल की." मग बराच वेळाने, दिवा मालवल्यावर, "तुला काय करायचंय त्यात पडून?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं. मला भ्रष्टाचार खणून काढायचा नव्हता. एवढंच कळत होतं की उद्या चौकशी लागली तर नोटीस येईल ती माझ्या नावाने, वसुली लागेल ती माझ्यावर, आणि 'मी लाह्या भाजत होते' हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

---

डोंगल हातात असून उपयोग नव्हता. पिन सगळ्यांना ठाऊक, ओटीपी यांच्या फोनवर. जुनी सही रद्द करून नवीनच काढायची ठरवली. ऐकायला चार दिवसांचं काम. मला लागले अडीच महिने.

आधी सिमकार्ड. चाळिशीत पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं सिम घेतलं. मग तो नंबर आधारला जोडायला तालुक्याच्या आधार केंद्रात, पन्नास रुपये आणि दोन चकरा, कारण पहिल्या दिवशी बोटांचे ठसे उमटेनात. भांडी घासून आणि खुरपून बोटं गुळगुळीत झालेली. केंद्रातल्या मुलीने व्हॅसलीन दिलं, म्हणाली, "बायकांचं असंच होतं मावशी, चोळा आणि पाच मिनिटं बसा." ईमेल लेकीने उघडून दिला. पासवर्ड मी टाकताना तिला तोंड फिरवायला सांगितलं. तिला राग आला आणि मग हसू आलं.

पंचायत समितीत पत्र द्यायला गेले तर टेबलावरचे साहेब माझ्या मागे बघत म्हणाले, "सरपंच आले नाहीत का?" मी म्हटलं, मीच आहे. ते म्हणाले, "हो हो, तसं नव्हे, काम समजावून सांगायला." नातेवाइकांनी महिला सरपंचाच्या कामात ढवळाढवळ करू नये असं शासनाचं परिपत्रक त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर लावलेलं होतं. त्यावर कॅलेंडर टांगलेलं. ऑगस्टचं पान उलटलं तेव्हा खालचा मजकूर दिसला म्हणून मला कळलं.

पत्राची पोच मागितली. देत नव्हते. गटात एक सवय लागली होती, पैसे दिले की सही घ्यायची, तशी मी टेबलासमोर उभीच राहिले. चाळीस मिनिटांनी पोच मिळाली. पुढे दोन वेळा तीच पोच उपयोगी पडली, कारण फाइल दोन वेळा हरवली.

या काळात बिलं अडली, आणि गावात माझं नाव झालं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, 'बाईच्या हट्टापायी गावाचा विकास ठप्प'. खाली अंगठे. त्यात माझ्या धाकट्या दिराचाही अंगठा होता. घरात हे माझ्याशी कामापुरतं बोलायचे. आत्या मात्र एकदा भाकरी थापताना म्हणाल्या, "त्याचा अपमान झालाय गं. लोकं त्याला इचारतात, बायकूनं चावी काढून घेतली का." मग परातीकडे बघत, "माझ्या हातात तर डब्याची चावीबी नव्हती कधी." पुढे काही बोलल्या नाहीत. मला त्यातून काय घ्यायचं ते कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाताना त्यांनी न सांगता गुरांचं पाणी केलं.

नोव्हेंबरात नवीन व्हिडिओ केला. या वेळी घरी नाही, कार्यालयात, खुर्चीवर बसून. ओटीपी माझ्या फोनवर वाजला. पिन मी कुणाला सांगितलेला नाही आणि इथेही सांगत नाही.

गटारीचं सांगायचं राहिलं. मी लेखी पत्र दिलं, शाखा अभियंता येऊन मोठा टेप टाकून गेले. ८६.२ मीटर. शिंपिणीचा टेप वीस सेंटिमीटरने चुकला होता. उरलेली गटार ठेकेदाराने डिसेंबरात बांधली, माझ्यावर उपकार केल्यासारखी. कुणावर कारवाई झाली नाही. माझी अपेक्षाही नव्हती, आणि खरं सांगायचं तर यांचं नाव त्यात येईल ही भीतीही होती. ती भीती चांगली का वाईट, मला ठरवता आलेलं नाही.

---

महिला ग्रामसभा ग्रामसभेच्या आधी घ्यावी लागते. आमच्याकडे ती कागदावर व्हायची. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर सह्या घ्यायचा. २६ जानेवारी २०२४ च्या ग्रामसभेआधी मी ती खरंच घेतली, दुपारी तीनला, भांडीकुंडी आवरल्यावर. अकरा जणी आल्या. नंतर नळाला पाणी सुटलं तेव्हा सात उरल्या.

मी आराखड्याचे मुद्दे लिहून नेले होते. त्यांनी ते बाजूला सारले. स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के निधी महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो, तो आमच्याकडे वर्षानुवर्षं 'शिलाई मशीन प्रशिक्षण' या नावाने पडत होता. एक जण म्हणाली, "आख्ख्या गावाला शिवण येत असंल आता." मग शाळेचं निघालं. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नव्हतं. टाकी होती, फुटकी. सातवी-आठवीच्या मुली महिन्यातले चार दिवस शाळेत येत नव्हत्या, आणि हे मास्तरांना, समितीला, मला, सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त कुठल्या ठरावात नव्हतं.

आणि सगळ्यात शेवटी, सभा संपल्यावर, गावात झाडलोटीचं काम करणारी बाई माझ्याजवळ आली. ग्रामपंचायतीत ती अकरा वर्षं. म्हणाली, "सरपंचबाई, त्या पोराला माझ्यापेक्षा अडीच हजार जास्त का?" पोरगा म्हणजे दोन वर्षांपूर्वी लागलेला सफाईचा दुसरा माणूस. तोही झाडतो, तीही झाडते. तिच्याकडे वर गटारीही. मी पगारपत्रकावर दर महिन्याला सही करत होते. ते दोन आकडे एकाखाली एक होते.

शेतात बायकांना हजेरी कमी आणि गड्यांना जास्त हे आम्ही पावसापाण्यासारखं धरून चालतो. पण इथे मालक ग्रामपंचायत होती आणि सही माझी. एकाच कामाला बाई-पुरुष म्हणून वेगळा पगार देता येत नाही असा कायदा १९७६ पासून आहे. मासिक सभेत विषय ठेवला. उपसरपंच म्हणाले, "त्याच्या घरात तो एकटा कमावता आहे." ती विधवा आहे, तिच्या घरातही ती एकटीच कमावती. हे मी म्हटलं नाही, एका सदस्याने म्हटलं, जो आजवर सभेत कधी तोंड उघडत नव्हता. अनुमोदक म्हणून त्याचंच नाव घातलं. पाच विरुद्ध चार मतांनी ठराव झाला. मागची अकरा वर्षं मात्र गेली ती गेली. फरकाच्या रकमेचा विषय मी दोनदा ठेवला, दोनदा पडला.

नवीन डोंगलने केलेलं पहिलं पेमेंट शाळेच्या टाकीचं आणि नळजोडणीचं होतं. परिचालकाने सगळं उघडून दिलं आणि खुर्ची मागे घेऊन खिडकीबाहेर बघत उभा राहिला. पिन टाकताना माझा हात थरथरला, पहिल्यांदा चुकला. 'दोन संधी शिल्लक' असं काहीतरी आलं. दुसऱ्यांदा बरोबर. पडद्यावर एक हिरवी पट्टी आली आणि गेली. तेवढंच.

---

फेब्रुवारीत माझ्याविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज गेला. सरपंचाच्या सासऱ्यांचा गोठा सरकारी जागेत, म्हणून सरपंच अपात्र. आणायचा तर अविश्वास आणला असता, पण थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं तो आणता येत नाही, आणि नंतरही सदस्यांच्या मतांवर भागत नाही, ग्रामसभेत गुप्त मतदान लागतं. त्यापेक्षा अतिक्रमण आणि तिसरं अपत्य हे दोन रस्ते सोपे. तिसरं अपत्य मला नव्हतं. गोठा होता.

वकिलांनी घाबरवलंच. म्हणाले, अतिक्रमण स्वतः केलेलं नसलं, घरच्यांनी केलेलं असलं आणि तुम्ही ते वापरत असलात तरी पद जाऊ शकतं, २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. मी मामांना, म्हणजे सासऱ्यांना, विचारलं गोठा कुणाच्या जागेत. ते म्हणाले, "माझ्या बापानं बांधलाय." सात-बारा काय म्हणतो ते कुणालाच ठाऊक नव्हतं. भूमी अभिलेखकडे मोजणीचे पैसे भरले. मोजणीची तारीख लोकसभेच्या निवडणुकीनंतरची मिळाली.

मधल्या काळात हे बदलले असं लिहिलं तर छान वाटेल, पण तसं झालं नाही. एक मात्र झालं. अर्ज करणाऱ्यांत तो ठेकेदार होता, इलेक्शनला पाठीशी उभा राहिलेला, 'आपलाच माणूस'. हे त्या रात्री ओसरीवर बराच वेळ बसून होते. सकाळी मोजणीवाल्याचा फोन लागत नव्हता तर स्वतः गाडी काढून गेले. बायकोसाठी गेले की बापाच्या गोठ्यासाठी, विचारायची माझी हिंमत झाली नाही. गोठा आमच्याच जमिनीच्या गटात निघाला, हद्दीपासून हातभर आत. हातभर! मामांच्या वडिलांनी खुंटी थोडी पलीकडे ठोकली असती तर मी आज सरपंच नसते.

सुनावणी ऑक्टोबरात. त्याच्या थोडंच आधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंच मनीषा पानपाटील यांची अपात्रता सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्याची बातमी आली होती. त्यांच्यावरही असाच आरोप, सरकारी जागेतल्या घरात सासूबरोबर राहतात म्हणून. गाव ते जिल्हा ते उच्च न्यायालय, सगळीकडे हरत त्या दिल्लीपर्यंत गेल्या. मी बसमध्ये ते कात्रण तीनदा वाचलं. माझ्या सुनावणीत त्याची गरज पडली नाही, मोजणीच्या नकाशावरच अर्ज फेटाळला गेला. पण ती बाई दिल्लीपर्यंत कशी गेली असेल, गाडीभाडं कुणी दिलं असेल, घरात काय बोलले असतील, याचा विचार मी परतीच्या सगळ्या वाटेवर करत होते.

त्याच सुमारास सरपंचांचं मानधन दुप्पट झालं. आमच्या लोकसंख्येच्या गावाला चार हजारांचं आठ. आधीचं मानधन कुठल्या खात्यात जमा होत होतं हे मी डोंगलच्या भानगडीतच शोधलं होतं. निवडणुकीच्या खर्चाच्या खात्यात. त्याचं एटीएम कार्ड यांच्याकडे होतं. तेही आणलं. ते मागताना फारसं काही बोलावं लागलं नाही. त्यांनी पाकिटातून काढून फ्रिजवर ठेवलं.

२०२५ मध्ये केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने नेमलेल्या समितीने सरपंचपतींना जबर दंड करावा अशी शिफारस केल्याचं पेपरात आलं. यांनी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "किती दंड आहे ते नाही लिहिलं." मी म्हटलं, तुम्हाला किती परवडेल? जेवणावर दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

---

त्याच वर्षी पुढच्या पाच वर्षांच्या सरपंच आरक्षणाची सोडत झाली. या वेळी तहसीलला मी गेले. पुन्हा एक शाळकरी मूल, पुन्हा काचेची बरणी. ही मुलगी होती, दोन वेण्या घातलेली, चिठ्ठी काढताना डोळे गच्च मिटणारी. आमच्या गावाची चिठ्ठी उघडली तेव्हा साहेबांनी वाचलं, "सर्वसाधारण."

म्हणजे कुणीही. बाई, बाप्या, कुणीही.

सभागृहातून बाहेर पडते तोवर यांचा फोन. "काय निघालं?"

"सर्वसाधारण."

पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"मग?"

"मी आत्ता पंचायत समितीत चाललेय," मी म्हटलं, "डोंगलची मुदत नोव्हेंबरात संपतेय, त्याचा अर्ज द्यायचाय. संध्याकाळी बोलू."